संदर्भांची मोजदाद आणि लुगड्याची गाठ

'बीएमजे केस रिपोर्ट्‌स' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २०२४ सालच्या नोव्हेंबरात एक लहानसे रुग्णवृत्त प्रसिद्ध झाले. वर्धा येथील आणि बिहारमधील मधुबनी येथील वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांनी ते लिहिले होते. साठी-सत्तरीच्या दोन स्त्रियांच्या कमरेवर दीर्घकाळ न भरणारी जखम झाली होती आणि तपासणीअंती ती त्वचेच्या कर्करोगाची निघाली, असा त्याचा मथितार्थ. एकीने आयुष्यभर साडीखालच्या परकराची नाडी कमरेशी करकचून बांधलेली. दुसरीने परकर न वापरता सुमारे चाळीस वर्षे लुगडे तसेच कमरेशी आवळून नेसलेले. 'पेटीकोट कॅन्सर' या नावाने ही बातमी जगभरच्या वृत्तपत्रांत झळकली, चार दिवस तिची चर्चा झाली आणि नेहमीप्रमाणे ती मागे पडली.

या वृत्तातील खरी विचार करण्याजोगी बाब वेगळीच आहे. ही गोष्ट नवी नव्हती. कमरेभोवती घट्ट बांधलेल्या वस्त्राने त्वचेचा कर्करोग होऊ शकतो, हे १९४५ सालीच मुंबईतून जगाला सांगितले गेले होते. डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी संशोधक बी. सूर्याबाई यांनी त्या वर्षी 'आर्काइव्हज ऑफ पॅथॉलॉजी' या अमेरिकन नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. रूढी आणि सवयी यांच्याशी निगडित असे कर्करोगाचे तीन नवे भारतीय प्रकार त्यात वर्णिले होते. त्यांपैकी एक धोतर नेसणाऱ्यांच्या कमरेवरील त्वचेचा कर्करोग. 'धोती कॅन्सर' हे नाव तेव्हापासून वैद्यकीय ग्रंथांत रूढ झाले. पुढे साडीचीही तीच कथा असल्याचे दिसून आले आणि 'साडी कॅन्सर' हा शब्दही २००५ सालापर्यंत मुंबईच्या वैद्यकीय नियतकालिकांत येऊन गेला.

१९४५ आणि २०२४ या दोन सालांमध्ये एकोणऐंशी वर्षांचे अंतर आहे. एवढ्या काळात खानोलकर-सूर्याबाई यांच्या निबंधाचा उल्लेख अनेकांनी केला, वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी तो परीक्षेतील एका गुणाच्या प्रश्नासाठी पाठ केला, नव्या निबंधांच्या शेवटी तो संदर्भसूचीत येत राहिला. परंतु ज्या स्त्रियांसाठी त्या ज्ञानाचा खरा उपयोग होता, त्यांच्या कमरेची गाठ मात्र सैल झाली नाही. संशोधनाचे मोल कशावर ठरवावे, या प्रश्नाचा विचार या एका उदाहरणाच्या आधारे करणे उचित ठरेल. आज हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा राहिलेला नाही. महाविद्यालयातील प्राध्यापक, त्यांच्या बढतीच्या फाइली हाताळणारा कारकून आणि पदवीसाठी निबंध छापून आणण्याच्या विवंचनेतील विद्यार्थी, या सर्वांच्याच दारात तो येऊन उभा आहे.

खानोलकरांची दृष्टी

डॉ. खानोलकर (१८९५-१९७८) हे भारतीय विकृतिशास्त्राचे आद्य प्रवर्तक मानले जातात. लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील उच्च पदवी घेऊन ते स्वदेशी परतले, मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनी अध्यापन केले आणि १९४१ साली परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा सांभाळली. १९५२ साली स्थापन झालेले भारतीय कर्करोग संशोधन केंद्र हे त्यांच्याच परिश्रमांचे फळ. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पुण्यात जन्मलेल्या आणि हुजूरपागा व फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांच्यासारख्या संशोधक त्यांच्याच हाताखाली घडल्या.

परंतु पदे आणि सन्मान यांपेक्षा त्यांच्या कामाची पद्धत अधिक महत्त्वाची आहे. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकात कर्करोगाचे जे चित्र रंगविलेले असे, तेच आपल्या रुग्णांत शोधीत बसण्याचा सोपा मार्ग त्यांनी पत्करला नाही. आपल्याकडचा माणूस काय नेसतो, काय चघळतो, विडी कशी ओढतो, कोणाशी विवाह करतो, याकडे त्यांनी बारकाईने पाहिले. बिहारकडे तंबाखू आणि चुना यांची चिमूट खालच्या ओठाआड धरतात, तेथेच कर्करोग उद्भवतो; धोतराचा वेढा जेथे काचतो, तेथेच त्वचा बिघडते. रोगाची जागा आणि सवयीची जागा एकच आहे, हे त्यांनी हेरले.

त्वचेच्या कर्करोगाच्या इतिहासात अशा दृष्टीची परंपरा जुनी आहे. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढील आयुष्यात होणाऱ्या वृषणावरील त्वचेच्या कर्करोगाचे कारण काजळी आहे, असे दाखवून दिले. काश्मीरमध्ये थंडीपासून बचावासाठी फिरनच्या आत पोटाशी निखाऱ्यांची कांगडी धरतात. तिच्या धगीने पोटावर व मांड्यांवर उद्भवणाऱ्या कर्करोगाचे वर्णन डॉ. एल्म्स्ली यांनी १८६६ साली केले. मुंबईचे धोतर याच मालिकेतील. या तिन्ही उदाहरणांत संशोधकापाशी महागडी यंत्रसामग्री नव्हती. रुग्णाच्या जगण्याकडे पाहण्याची तयारी तेवढी होती.

या रोगाची प्रक्रिया समजण्यास अवघड नाही. घट्ट वेढ्याखालची त्वचा वर्षानुवर्षे एकाच जागी घासली जाते. घाम, धूळ आणि ओल तेथे साठते. प्रथम त्वचा काळवंडते किंवा तिचा रंग उडतो, खाज सुटते, कोंडा पडतो, ती जाड होते. पुढे तडा जाऊन जखम होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेथेच गाठ बसते, त्यामुळे जखम भरू शकत नाही. भरू पाहणाऱ्या जखमेत पेशी सतत विभाजित होत राहतात आणि क्वचित प्रसंगी त्यांतूनच कर्करोग जन्म घेतो. जुनाट व्रणातून उद्भवणाऱ्या या प्रकाराला एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच शल्यविशारद मार्जोलँ यांचे नाव दिले जाते. हा रोग विरळ आहे, यात शंका नाही; लुगडे नेसणाऱ्या प्रत्येक स्त्रीने धास्तावून जावे, असे मुळीच नाही. तथापि जो रोग गाठ सैल ठेवल्याने, नाडी रुंद केल्याने, गाठीची जागा अधूनमधून बदलल्याने आणि न भरणारी जखम वेळीच दाखविल्याने टळू शकतो, तो विरळ आहे म्हणून उपेक्षणीय ठरत नाही.

मोजमापाचे शास्त्र

आता या निबंधाचे मूल्यमापन आजच्या रूढ पद्धतीने करावयाचे झाल्यास काय होईल? आज संशोधकाची थोरवी मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: त्याने किती निबंध प्रसिद्ध केले आणि इतरांनी आपल्या निबंधांत त्यांचा किती वेळा संदर्भ दिला. या मोजदादीचे जनक म्हणजे फिलाडेल्फियाचे युजीन गारफील्ड. शास्त्रीय वाङ्मयाची संदर्भसूची तयार करावी, ही कल्पना त्यांनी १९५५ साली मांडली आणि १९६४ साली तशी सूची प्रत्यक्ष प्रकाशित केली. त्यांचा मूळ हेतू सरळ होता. एखाद्या निबंधाचा पुढे कोणी कोठे आधार घेतला हे कळले, तर अभ्यासकाला त्या विषयाचा माग काढणे सोपे जाईल. ती वाट दाखविणारी सूची होती. माणसांची किंमत ठरविणारा तराजू नव्हता.

पुढे त्याचा तराजू झाला. नियतकालिकाने मागील दोन वर्षांत छापलेल्या निबंधांना चालू वर्षी सरासरी किती संदर्भ मिळाले, यावरून त्या नियतकालिकाचा 'प्रभावांक' काढण्यात येऊ लागला. २००५ साली हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने प्रत्येक संशोधकासाठी एक अंक सुचविला: ज्याचे वीस निबंध प्रत्येकी निदान वीस वेळा उद्धृत झाले, त्याचा अंक वीस. एका अंकात एका माणसाचे आयुष्य मावू लागले, तेव्हा निवड समित्यांचे काम कितीतरी हलके झाले. निबंध वाचण्याची आवश्यकता उरली नाही.

अशा तराजूत 'धोती कॅन्सर'सारखा विषय हलका ठरतो, याची कारणे त्या विषयाच्या गुणवत्तेत शोधून सापडणार नाहीत. संदर्भांची संख्या ही त्या विषयावर जगात किती लोक लिहितात यावर अवलंबून असते. त्वचेच्या कर्करोगावरील बहुतांश वाङ्मय ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि युरोप येथील आहे, कारण गोऱ्या कातडीला सूर्याच्या अतिनील किरणांपासून होणारा अपाय हा तेथील मोठा सामाजिक प्रश्न आहे. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० साली मेलानोमा या घातक प्रकारात गाठीची जाडी मोजून रोग्याचे भवितव्य सांगता येते, असे दाखविले. त्या निबंधाचे संदर्भ हजारोंनी आहेत आणि ते योग्यच आहे. त्याने असंख्य रुग्णांच्या उपचारांची दिशा ठरविली. परंतु आपल्या त्वचेतील रंगद्रव्य आपले बऱ्याच अंशी रक्षण करते. आपल्याकडे मेलानोमा होतो तोही पुष्कळदा तळपायावर, अनवाणी चालणाऱ्याच्या टाचेवर, जेथे भोवरी किंवा जुनी जखम समजून त्याकडे दुर्लक्ष होते. धोतर, लुगडे, कांगडी, अनवाणी पाय यांच्यावर लिहिणारे थोडे, म्हणून त्यांचे संदर्भ थोडे. याचा अर्थ ते संशोधन कमी प्रतीचे, असा काढणे म्हणजे गावातील विहिरीची योग्यता समुद्राच्या लांबी-रुंदीवरून ठरविण्यासारखे आहे.

आणखी एक गंमत आहे. एखादे संशोधन इतके सर्वमान्य होते की, त्याचा आधार देण्याची कोणालाच गरज वाटत नाही. 'धोती कॅन्सर' हा शब्द वापरणारे अनेक लेखक खानोलकरांचे वा सूर्याबाईंचे नाव लिहीत नाहीत. तो शब्द सर्वांचा झाला आहे. ज्ञान समाजात विरघळून गेले की गणकयंत्राच्या लेखी ते शून्य होते.

अंकाच्या मागे लागल्याचे परिणाम

एखादे मोजमाप हेच ध्येय झाले की, माणसे कामाऐवजी मोजमाप वाढविण्याच्या मागे लागतात. हा मनुष्यस्वभाव आहे, आणि शास्त्रज्ञ त्याला अपवाद नाहीत. न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग या विख्यात कर्करोग संस्थेत १९७४ साली विल्यम समरलिन नावाच्या संशोधकाने त्वचारोपणाचा प्रयोग यशस्वी झाल्याचे भासविण्यासाठी पांढऱ्या उंदरांच्या कातडीवर काळ्या शाईच्या लेखणीने ठिपके काढले, आणि एका मदतनिसाच्या दक्षतेमुळे ते उघडकीस आले. लवकर आणि चमकदार निष्कर्ष हवेत, या दडपणाने माणूस कोणत्या थराला जातो, याचे ते प्रतीकच होऊन बसले आहे.

आपल्याकडील चित्र अधिक सामान्य, म्हणूनच अधिक चिंताजनक आहे. प्राध्यापकांच्या बढतीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली गुणांकाची पद्धत आणली. वैद्यकीय महाविद्यालयांतही बढतीला शोधनिबंधांची अट घातली गेली. दिवसभर बाह्यरुग्ण विभागात शेकडो रुग्ण तपासणाऱ्या, संशोधनासाठी ना वेळ ना साहाय्यक मिळणाऱ्या डॉक्टरनेही ठराविक मुदतीत ठराविक निबंध छापावेत, असा हुकूम निघाला की, पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके निघणारच. तशी ती निघाली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीची परखड चिकित्सा केली. विद्यापीठांच्या शिफारशीने त्या यादीत शिरलेल्या नियतकालिकांपैकी तपासलेल्या नमुन्यात ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी आयोगाने चार हजारांहून अधिक नियतकालिके यादीतून काढून टाकली. पुढे नवी यादी तयार झाली, तिचे काम पुण्यातूनच चालले आणि २०२५ साली तीही बंद करून जबाबदारी विद्यापीठांकडे सोपविण्यात आली. दरम्यान २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.साठी निबंध छापण्याची सक्तीही उठविली. पंधरा वर्षांत नियम एवढ्या वेळा बदलले, यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. निबंध वाचण्याऐवजी मोजण्याचा सोपा मार्ग एकदा धरला की, तो पुन्हा पुन्हा दुरुस्त करावा लागतो.

मोजदादीची दुसरी बाजू

तथापि या विषयाची दुसरी बाजूही न्यायबुद्धीने मांडली पाहिजे. संदर्भांची मोजदाद सर्वस्वी टाकाऊ आहे, असे म्हणणे हा दुसऱ्या टोकाचा आततायीपणा होईल. ही मोजदाद नव्हती तेव्हा आपल्या संस्थांत गुणवत्तेचेच राज्य होते, असे कोण म्हणेल? तेव्हा वशिला चाले, विभागप्रमुखाची मर्जी चाले, घराणे आणि जात चाले. आडगावच्या महाविद्यालयातील, पाठीशी कोणीही नसलेल्या एखाद्या तरुण संशोधकाला 'माझ्या कामाची दखल दहा देशांतील अभ्यासकांनी घेतली आहे' असे पुराव्याने सांगता येते, ते याच सूचीमुळे. आकड्याला निदान तोंड पाहून बदलता येत नाही.

शिवाय संदर्भोल्लेखांतून कधी कधी खरोखरच मोठे कार्य घडते. तंबाखू चघळण्याच्या सवयीविषयी खानोलकरांपासून पुढे भारतीय संशोधकांनी जे निबंध लिहिले, त्यांचा आधार आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ साली तंबाखू-सुपारीवरील आपल्या ग्रंथात घेतला. २०१२ साली महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली, तिच्यामागे अशाच निरीक्षणांची दीर्घ परंपरा उभी होती. बंदीची अंमलबजावणी किती झाली, हा वेगळा प्रश्न. उस्मानाबाद जिल्ह्यातील सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाने टाटा स्मारक केंद्र व आंतरराष्ट्रीय संस्था यांच्या सहकार्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी केली. तिचे निष्कर्ष २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले आणि जगाच्या आरोग्यधोरणात त्यांची दखल घेतली गेली. त्या प्रयोगात चाचणीविना ठेवलेल्या गटावरून नंतर वादही झाला आणि तो होणे इष्टच होते. परंतु मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून उभे राहिलेले संशोधन जगात पहिल्या रांगेत बसू शकते, हे त्याने सिद्ध केले.

तेव्हा वाद संदर्भसंख्येशी नाही. तिलाच अंतिम निकाल मानण्याशी आहे. खुद्द शास्त्रज्ञांनाही हे उमगले आहे. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे जमलेल्या संपादक-संशोधकांनी, नियतकालिकाच्या प्रभावांकावरून व्यक्तीचे मूल्यमापन करू नये, असे जाहीर निवेदन काढले. २०१५ साली 'नेचर'मधील लायडेन जाहीरनाम्याने आणखी एक मुद्दा जोडला: स्थानिक प्रश्नांवरील आणि स्थानिक भाषांतील उत्तम संशोधनाचे रक्षण झाले पाहिजे. हा मुद्दा जणू आपल्याचसाठी लिहिला आहे.

पानशेतला काय पोचते?

पानशेतचे धरण अंबी नदीवर आहे. १२ जुलै १९६१ रोजी ते फुटले आणि पुण्याने न भूतो असा प्रलय अनुभवला, म्हणून हे नाव महाराष्ट्राच्या स्मृतीत कोरले गेले आहे. धरण पुन्हा बांधले गेले आणि आजही त्याचे पाणी खडकवासल्यामार्गे पुण्याच्या नळाला येते. पुण्यातील वैद्यकीय महाविद्यालये, प्रयोगशाळा, विद्यापीठ, ग्रंथालये ही सारी त्याच पाण्यावर जगतात. ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या, त्यांच्यापैकी मागे राहिलेली कुटुंबे आणि वेल्ह्याच्या डोंगराळ भागातील वाड्यावस्त्या आजही भात, नाचणी, वरई पिकवून दिवस काढतात.

कल्पना करा की, अशा एखाद्या वाडीतील साठी ओलांडलेल्या बाईने जन्मभर लुगडे नेसले आहे. भातलावणीच्या दिवसांत ओणव्याने काम करताना ते सुटू नये म्हणून ती ते अधिकच आवळते. पावसाने भिजलेले, चिखलाने माखलेले वस्त्र दिवसभर कमरेला काचते. तेथे पडलेला चट्टा तिला वर्षानुवर्षे दिसतो आहे. त्याला ती 'काचलं असेल' म्हणते, हळद लावते, खोबरेल लावते. ती जखम दाखवायला संकोचते, कारण जागाच तशी. ज्या दिवशी ती शहरातील रुग्णालयात पोचते, त्या दिवशी तिचे निदान करणारा तरुण डॉक्टर कदाचित एक उत्तम रुग्णवृत्त लिहील. त्याच्या निबंधसंख्येत एकाची भर पडेल. खानोलकरांच्या निबंधाला आणखी एक संदर्भ मिळेल. आणि तिच्या शेजारणीला, त्याच पद्धतीने लुगडे नेसणाऱ्या तिच्या बहिणीला याचा पत्ताही लागणार नाही.

पाणी खाली येते आणि ज्ञान वर जात नाही, ही आपल्या व्यवस्थेची खरी स्थिती आहे. याला अपवाद इतिहासात आहेत. पॉट यांचा काजळीवरील निबंध प्रसिद्ध झाल्यानंतर अवघ्या तीन वर्षांत डेन्मार्कमधील धुराडी साफ करणाऱ्यांच्या संघाने आपल्या सभासदांना रोज स्नान करण्याचा दंडक घालून दिला. त्यांनी कोणताही निबंध लिहिला नाही आणि कोणाचा संदर्भही दिला नाही. उलट खुद्द इंग्लंडमध्ये १७८८ साली एक दुबळा कायदा झाला आणि परवाना व पोलिसांची देखरेख सक्तीची करणारा परिणामकारक कायदा यायला १८७५ साल उजाडले. निबंध एकच होता. एका देशात त्याचे तीन वर्षांत आचरण झाले. दुसऱ्या देशात शंभर वर्षे त्याची चर्चा झाली. आपण कोणत्या रांगेत बसतो, हे १९४५ आणि २०२४ या दोन सालांनी दाखवून दिलेच आहे.

काय करता येईल?

यावर उपाय अशक्य कोटीतील नाहीत आणि फार खर्चाचेही नाहीत. पहिली गोष्ट, निवड आणि बढती यांसाठी सर्व निबंधांची संख्या न मागता उमेदवाराने स्वतः निवडलेले तीन किंवा चार निबंध मागवावेत आणि समितीच्या सभासदांनी ते प्रत्यक्ष वाचावेत. ज्या समितीला तीन निबंध वाचायला सवड नाही, तिला विद्वानाची परीक्षा घेण्याचा अधिकार नाही.

दुसरी गोष्ट, राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांत पदव्युत्तर पदवीसाठी दरवर्षी जे प्रबंध लिहिले जातात, त्या प्रत्येकाबरोबर एक पानाचा सुबोध मराठी सारांश जोडणे अनिवार्य करावे. प्रबंध बांधून ग्रंथालयाच्या कपाटात जातो, तेथे त्याला धूळ आणि वाळवी यांखेरीज वाचक नसतो. त्याचा मराठी सारांश संबंधित जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे जावा, आणि त्यातील उपयुक्त भाग प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिचारिकेपर्यंत, गावच्या आशा कार्यकर्तीपर्यंत पोचावा. कमरेवर, तळपायावर, जुन्या भाजल्याच्या डागावर महिनाभर न भरणारी जखम असेल तर ती तपासायला पाठवा, एवढे एक वाक्य आशा कार्यकर्तीला ठाऊक असणे हे एखाद्या प्रभावी नियतकालिकातील निबंधाइतकेच मोलाचे आहे.

तिसरी गोष्ट, संशोधकाच्या कामाच्या नोंदीत 'हे ज्ञान पुढे कोठे गेले' यासाठी एक रकाना असावा. एखाद्या निबंधामुळे एखादी उपचारपद्धती बदलली का, एखाद्या शाळेत वा ग्रामसभेत ती माहिती दिली गेली का, एखादा शासकीय आदेश निघाला का, याची नोंद तेथे व्हावी. अर्थात या रकान्याचेही उद्या सोंग होईल, छायाचित्रे काढण्यापुरती शिबिरे भरविली जातील, हा धोका आहे. म्हणूनच त्यालाही गुणांक देऊ नये. तो वाचावा आणि वाचूनच मत बनवावे.

आस्थापना विभागात बसून रकान्यातील आकडे जुळविणाऱ्या लिपिकाचा यात दोष नाही. त्याला दिलेले कोष्टक तो भरतो. प्राध्यापकाचाही पूर्ण दोष नाही. त्याला संसार आहे आणि बढतीची आवश्यकता आहे. दोष कोष्टक आखणाऱ्यांचा आहे, आणि ते कोष्टक हेच ज्ञान असे मानून स्वस्थ बसणाऱ्या आपणा सर्वांचा आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने मात्र एक गोष्ट मनाशी पक्की धरावी. खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ साली प्रश्न विचारला तो आपल्या अंकात किती भर पडेल, असा नव्हता. समोरच्या रुग्णाच्या कमरेवर ही जखम नेमकी याच जागी का झाली, असा त्यांचा प्रश्न होता. त्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी शोधून काढले. ते उत्तर वाडीवस्तीपर्यंत पोचविण्याचे काम एकोणऐंशी वर्षांनंतरही शिल्लक आहे, आणि त्यासाठी आणखी एका निबंधाची वाट पाहण्याचे कारण नाही.